नातीचा इंग्रजी शब्द आणि तुझी दोरी

बा, तुझ्या धंद्यातला एक शब्द मला या वयात इंग्रजीत सापडला, आणि तो सांगावा असं तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही. तू असतास तरी हे वाचलं नसतंस. मला समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू अर्ध्यातच उठून गोठ्याकडे गेला असतास. शिवाय ही अशी भाषा तुझ्या कानाला परकी वाटली असती. नळाच्या नोकरीत साहेबांना अर्ज लिहून लिहून ती माझ्या हाताला लागली. बोलतो अजून तुझ्यासारखाच, पण पेन धरलं की शब्द इस्त्री करून आल्यासारखे येतात. तेवढं चालवून घे.

मी आता वर्ध्याजवळ सिंदी मेघेला मुलाकडे राहतो. गाव सुटलं. घर दोन खोल्यांचं, वर पत्र्याची एक खोली आहे, ती माझी. मुलाला मुलगी एकच. तू गेलास तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे तुला ती माहीत नाही. सावंगीला नर्सिंग शिकली. सकाळी ऑटोनं जायची, आणि तिची परतीची वेळ झाली की मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचो. ऑटो वळणावर दिसला की खुर्ची उचलून आत न्यायचो, म्हणजे तिला वाटू नये की मी वाट पाहत होतो. तिला ते ठाऊक होतंच. आता ती हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला आहे आणि तिथल्याच हॉस्टेलात राहते. पहिले काही महिने नोकरी कच्ची असते, मग काम पाहून पक्की करतात किंवा घरी पाठवतात.

माझा स्वभाव तुला नव्यानं सांगायला नको. "हे पोट्टं आईच्या पोटातूनच चिंता घेऊन आलं बाप्पा," असं तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचास. तो काही बदलला नाही. गावच्या नळयोजनेचा व्हॉल्व्ह मी इतकी वर्षं उघडला आणि बंद केला, पण बंद करून घरी आलो की घास हातात असताना वाटायचं, नीट बंद झाला का? ताट झाकून परत टाकीकडे जायचो. नळावरच्या बाया म्हणायच्या, "याची खरी बायको तं टाकीच हाये, घरची फक्त स्वयंपाकाले हाये." तुझी सून ते ऐकून हसायची. ती गेल्यावर मला गॅसचं बटण, दाराची कडी आणि पत्र्यावरची माकडं एवढंच पाहायला उरलं होतं. मग नात गेली आणि हा सगळा स्वभाव फोनमध्ये उतरला.

उठली का म्हणून एक फोन, पोचली का म्हणून एक. पेपरात तिकडच्या कुठल्या बसचा अपघात वाचला की लगेच, मग ती बस तिच्या रस्त्याची असो की नसो. तिनं उचलला नाही तर मी पुन्हा लावायचो, कारण न उचलण्याची कारणं माझ्या डोक्यात जितकी येतात तितकी कोणाच्याच येत नसतील. तिनं कामावर असताना फोन कपाटात ठेवायला सुरुवात केली. तेव्हा मी हॉस्टेलच्या बाईंना लावला. बाईंनी एक-दोनदा सांगितलं, मग त्यांनीही उचलणं बंद केलं. एके दिवशी मुलाच्या एका मित्राकडून दवाखान्याच्या चौकशी खिडकीचा नंबर मिळवला आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की घरून फोन आहे, लवकर बोलवा. तिथल्या बाईनं माईकवरून तिचं नाव पुकारलं. सगळ्या मजल्यांवर ते ऐकू गेलं असणार. पोरगी एका म्हाताऱ्या पेशंटला धरून चालवत होती. त्याला खुर्चीत बसवून, जिने उतरून धावत आली. घरात कोणी गेलं असंच तिला वाटलं. धापा टाकत म्हणाली, "कोन गेलं?" मी म्हटलं, "कोनी नाई. जेवली का?"

यावर तिनं फोन ठेवला. मला वाटलं, चला, ठीक आहे, जेवली असेल. पुढचं मला कोणी सांगितलं नाही. तिथल्या मोठ्या सिस्टरनं तिला बोलावून सांगितलं होतं की पेशंट सोडून पळणारी मुलगी आम्हाला चालत नाही, पुन्हा असा फोन आला तर पक्की करणार नाही. हे तिनं बापाला सांगितलं. बापानं महिनाभर पोटात ठेवलं. मला सांगितलं तर मी त्या मोठ्या सिस्टरलाच फोन लावीन, अशी त्याला भीती होती. भीती खोटी नव्हती.

मग ती दोन दिवसांच्या सुट्टीवर आली. दुपारी माझ्या खोलीत येऊन खाटेच्या कडेला बसली. हातातल्या ताटलीत बोरं होती. एक बोर मला दिलं, एक स्वतः घेतलं, आणि काय झालं ते सगळं सांगितलं, अगदी पेशंटची माहिती द्यावी तसं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "आबाजी, मी रागावली नाई. पन तुम्ही मले पेस्टर करता."

"म्हनजे काय?"

"म्हनजे त्रास देता. सारखं मागं लागून."

"मंग त्रास म्हन ना. इंग्रजी काऊन?"

"त्रास म्हटलं तं तुम्हाले लागन म्हून."

बघ, तिला वाटलं इंग्रजीत सांगितलं की धार कमी होते, कापडात गुंडाळलेल्या विळ्यासारखी. पण मी तो विळा उघडून पाहणारा. मी म्हटलं, त्रास तर मच्छरही देतो, मी मच्छर आहे का? ती म्हणाली, नाही. मग ढेकूण? नाही. मग नेमका कोणत्या जातीचा त्रास, ते सांग. ती हसायला लागली. "आता पाहा, या शब्दापायी बी तुम्ही मले पेस्टरच करून राह्यले." पण तिनं मोबाईल काढला आणि शोधलं. मी माझा चष्मा पुसला. वाचायचं तिलाच होतं, तरी पुसला.

तिनं वाचून, थांबून थांबून मराठीत सांगितलं ते असं. आज या शब्दाचा अर्थ, मागणी करून करून किंवा विचारून विचारून एखाद्याला हैराण करणं. पण हा अर्थ मागून आला. आधीचा अर्थ अडकवून ठेवणं, गुंतवणं, चालता येऊ नये असं करणं. तो फ्रान्सच्या जुन्या भाषेतून इंग्रजीत आला, आणि तिथं तो होता जनावराच्या पायांना दोरी बांधण्याचा. चरायला सोडलेलं जनावर दूर जाऊ नये म्हणून. त्याच्याही मागे गेलं तर रोमच्या लोकांची लॅटिन भाषा, आणि त्या भाषेत त्या दोरीचं नावच होतं गुराख्याची दोरी. पुढे रोगराईसाठी आणि किडीसाठी असलेला दुसरा एक इंग्रजी शब्द याच्यासारखाच ऐकू येत होता, त्याची संगत लागली आणि याचा अर्थ हळूहळू त्रास देणं असा झाला.

मी बोराची बी तोंडात तशीच धरून बसलो. तिनं मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुमचे बाबा ढोरकीच होते ना, आबाजी? गावची ढोरं चारनारे?"

"होते."

"मंग शब्द घरचाच निघाला."

ती ताटली घेऊन खाली गेली आणि मी दुपारभर या शब्दावर बसून राहिलो. मला शाळा सातवीपर्यंतची, त्यामुळे बरोबर विचार करतो की नाही माहीत नाही, पण मला असं वाटलं. आपल्याकडे त्रासाला जी बोलणी आहेत ती सगळी डोक्याची आणि कानाची आहेत. डोकं खातो म्हणतात, कानाशी भुणभुण करतो म्हणतात, जीव खातो म्हणतात. त्रास घेणारा आपल्याच अंगावर बोट ठेवून सांगतो. पायाचं कोणी म्हणत नाही. हा शब्द ज्यांनी असा वळवला त्यांनी कधीतरी बांधलेल्या जनावराकडे पाहिलं असलं पाहिजे. दोरी बांधणाऱ्याला तो त्रास वाटतच नाही. त्याला वाटतं, मी राखण करतो आहे. जनावर हरवू नये, कोणाच्या शेतात शिरू नये, लांडग्याच्या तोंडी जाऊ नये, म्हणून तर दोरी. तो चांगलंच करत असतो. त्रास काय ते पुढचं पाऊल टाकायला गेलेल्या पायाला कळतं.

आणि मग तुझे हात दिसायला लागले. अंबाडीचा वाख मांडीवर वळणारे, कोरडे, चिरा पडलेले. सकाळ आहे. आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमा होतात त्या मोकळ्या जागेवर, तू काठी टेकून उभा आहेस आणि घराघरातून ढोरं येत आहेत. बहुतेक मोकळी. दोन-चार ओढाळ, त्यांच्या पुढच्या दोन्ही पायांत दोरी, इतकी की चरता यावं आणि पळता येऊ नये. ती दोरी तूच घालायचास, आणि मधे जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायचास, म्हणजे कातडं सोलू नये. मला शाळा नसली की मी तुझ्याबरोबर यायचो. माझं काम एकच होतं, मोजणं. ते तू मला दिलं नव्हतंस. मीच घेतलं होतं. दिवसभर मी ढोरं मोजायचो, आणि मधे एखादं झुडपाआड गेलं की मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचो.

दुपारी ढोरं धाम नदीवर पाण्याला न्यायची. काठाला यायच्या आधी तू ओढाळांच्या पायातल्या दोऱ्या सोडायचास. एकेकापाशी बसायचास, गाठ सोडायचास, दोरी खांद्यावर टाकायचास. ढोरं पाणी पिऊन, डुंबून वर आली की पुन्हा बांधायचास. रोज. मला ते उलटं वाटायचं. काठ निसरडा, पाणी वाहतं, पलीकडे दुसऱ्या गावची शेतं, म्हणजे खरं तर बांधून ठेवायची जागा तीच. मी एकदा तसं म्हटलंही. तू म्हणालास, "शेताकडं दोरी, पान्याकडं मोकळं. बांधल्या पायानं जनावर गाळातून निघत नाई." एवढंच बोललास आणि बिडी पेटवलीस. मला पटलं नाही. मी मोजत राहिलो.

त्यातली ती तांबडी गाय तुला आठवत असेल. तिचा मालक गावातला मोठा शेतकरी. ती कोणाच्या तरी हरभऱ्यात शिरली, कोंडवाड्यात गेली, आणि मालकाला दंड भरून चारचौघांत तिला हाकत आणावं लागलं. त्याला वाटलं, ढोरकी पाण्यावर दोरी सोडतो आणि मग बांधायचा आळस करतो. दुसऱ्या दिवशी तांबडी आखरावर आली ती पायात तार घेऊन. दोरीवरून कुंपणाची तार गुंडाळून पकडीनं पिळलेली. तू खाली बसून पाहिलंस, बोट घालून पाहिलंस. दुपारी धामेच्या काठावर तू खूप खटपट केलीस. दगडानं ठोकून पाहिलंस, दातही लावलेस. तार निघेना. बाकीची ढोरं पाण्यात उतरली आणि तांबडी वर उभी राहून हंबरायला लागली. मी म्हटलं, बा, जाऊ दे ना तिला, काठावरच तर प्यायचं आहे. तू तिच्या शिंगाला धरून उभा होतास. नाही म्हणालास. मग धुणं धुणाऱ्या बायांकडून बालटी मागून आणलीस आणि नदीतून भर, वर ने, तिच्यासमोर ठेव, परत खाली उतर, असं चालू केलंस. तहानलेली गाय किती पाणी पिते ते मी त्या दिवशी पाहिलं. बाया धुणं थांबवून बघत होत्या. एक म्हणाली, "काऊन बुवा, गाय बाळंतीन हाये का?"

"नाई वो बाई. कैदी हाये."

सगळ्या हसल्या. तू हसला नाहीस. तुझं धोतर मांडीपर्यंत ओलं झालं होतं आणि उतरताना एकदा तुझाच पाय घसरला.

संध्याकाळी तू तांबडीला घेऊन मालकाच्या दारी गेलास. मी मागे. मालक ओट्यावर, तू खाली अंगणाच्या कडेला. तू हात जोडून सांगितलंस की तार असेपर्यंत मी तिला पाण्यावर उतरवणार नाही, तार ठेवायची असेल तर पाणी घरीच पाजा. मालक म्हणाला, "तुले ढोरं चारायले ठेवलं, का अक्कल शिकवायले?"

"चारायलेच जी."

"मंग चार. पानी पाजनं चारन्यातच येते."

"येते मालक. पन बुडवनं नाई येत."

मालकानं तुझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, उद्यापासून गाय पाठवत नाही, तुझ्यावाचून अडलं नाही. तू म्हणालास, "तुमची मर्जी," आणि वळलास. मला रडू येत होतं. त्या घराची सालाची ज्वारी बंद झाली तर आई काय म्हणेल, ते मी मनात मोजायला लागलो होतो. रस्त्यानं तू नेहमीसारखाच चालत होतास. मी विचारलं, आणि हे मला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं, परवा त्या शब्दावरून आठवलं. मी विचारलं, "बा, पान्यावर सोडलेली गाय वाहून गेली तं? तुले भेव नाई लागत?"

"लागते ना बे. रोज लागते."

"मंग?"

तू थोडा चाललास. "भेव माह्यं हाये. तं दोरी तिच्या पायात काऊन?"

तांबडी पुढे दिवसभर मालकाच्या गोठ्यात उभी असायची आणि त्याचा गडी विहिरीतून तिच्यासाठी पाणी ओढायचा. मग गडी कुरकुरला, गाय दुधाला कमी झाली, आणि एका सकाळी ती आखरावर येऊन उभी राहिली. पायात साधी दोरी. मालकानं निरोप पाठवला नाही, तूही काही विचारलं नाहीस. दुपारी काठावर बसून गाठ सोडलीस आणि तिच्या पाठीवर थाप मारलीस, एवढंच. ती उतरली तेव्हा तू तिच्याकडे पाहत होतास आणि मी तुझ्याकडे. तुझ्या तोंडातली बिडी विझली होती, ती तुला कळली नव्हती.

मी जे करत होतो ते बरोबर उलटं होतं, हे मला परवा खाटेवर बसल्या बसल्या कळलं. नात घरात होती तेव्हा मी खुर्चीवर गप्प बसायचो. पण तिची रात्रीची ड्युटी लागली, अपघाताचे पेशंट येतात त्या वॉर्डात तिला टाकलं, म्हणजे जिथं पाय घसरायची भीती जास्त, तिथं माझे फोन वाढले. काठ आला की मी दोरी आवळायचो. मालकासारखी तार गुंडाळायचो म्हण. आणि हे राखण करतो म्हणूनच.

दोरीचं आणखी एक आहे. मला नळाची नोकरी लागली तेव्हा तू तुझ्या हातची एक दोरी मला दिली होतीस, मधे चिंधी गुंडाळलेली. "कामी येईन," म्हणालास. मला मनातून लाज वाटली होती. नोकरीच्या माणसाला काय देतो, तर ढोराची दोरी. पण टाकीवर चढायची शिडी मी तिनंच बांधायचो, आणि पुढे ती माझ्या पेटीला होती. नात पहिल्यांदा हैदराबादला निघाली तेव्हा तिच्या बॅगेची चेन ऐन वेळी फाटली, म्हणून मी ती पेटीची काढून बॅगेला आवळली. तिनं आता सांगितलं, "ती दोरी मी हॉस्टेलच्या खिडकीत बांधली. त्याच्यावर युनिफॉर्म वाळते." तुझ्या दोरीला एवढं चांगलं काम तूही दिलं नसतंस.

सुट्टी संपल्यावर तिला सोडायला मी वर्ध्याच्या स्टेशनावर गेलो. मुलगा गाडी उभी करायला गेला होता. ती म्हणाली, "आबाजी, फोन मी करन. रविवारी. तुम्ही नाई कराचा."

"बिमार पडली तं?"

"नर्स हाव मी."

"मी बिमार पडलो तं?"

"बाबा करतीन."

"मी मेलो तं?"

"तं तुम्ही तं अजिबातच नाई कराचा."

बाजूच्या बाकावरची बाई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. गाडी हलली तेव्हा नात दारात उभी होती आणि मला सांगावंसं वाटत होतं की आत जा, दारात उभी राहू नको. नाही सांगितलं. हात हलवला.

तेव्हापासून मी फोन केलेला नाही. सोपं गेलं असं समजू नकोस. हात आपोआप खिशाकडे जातो. म्हणून मी फोन माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात ठेवायला लागलो. काढायचा तर तिच्यासमोर काढावा लागतो, आणि ती काही म्हणत नाही, नुसती भाजी चिरायची थांबते. तेवढं पुरतं. रविवारी सकाळपासून काढून ठेवतो. मुलगा आता माझी तारीफ करतो, शेजाऱ्यांनाही सांगतो की बाबा सुधरले. या आठवड्यात नातीचा निकाल लागायचा आहे, पक्की की घरी. म्हणून हात अडकवायला हे लिहायला बसलो. कॅलेंडरची उलटून गेलेली पानं काढली, त्यांच्या मागे लिहितो आहे.

इथवर लिहून झालं होतं आणि खालून सुनेनं हाक मारली, "मामाजी, तांदूळ वाजून राह्यले." आज रविवार नाही. जिना कसा उतरलो ते माहीत नाही. डब्यात हात घातला, फोन सापडेना, मग सापडला. तांदूळ खाली सांडले. नात म्हणाली, "आबाजी, पक्की झाली."

मी सांडलेल्या तांदळाकडे पाहत राहिलो.

"आबाजी? हाये का?"

"हाव."

"मंग बोलत काऊन नाई?"

"जेवली का?"

ती इतकी हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला. "तुम्हाले हाच एक प्रश्न येते का?" म्हणाली. मग आईशी बोलली, बापाशी बोलली. सून देव्हाऱ्यापाशी साखर ठेवायला गेली. मी वर आलो.

आता जे तिला सांगणार नाही ते तुला सांगतो. ती पक्की झाली म्हणाली तेव्हा मला आधी आनंद झाला नाही. तो नंतर आला, जिना चढताना, आणि खरा आहे. पण आधी जे आलं ते दुसरंच होतं. इतके दिवस तांदळात फोन ठेवून मी एका कोपऱ्यात असं धरून होतो की तिला पक्की नाही केलं, तर ती परत येईल. सकाळी ऑटो, संध्याकाळी ऑटो, फाटकापाशी खुर्ची. आणि त्यात माझा दोष नसेल, मी तर फोन केलाच नव्हता. तुला कधी काठावर उभं राहून असं वाटलं होतं का, की गाय पाण्याला भिऊन आपणच मागे फिरावी? वाटलं असेल तर तू सांगितलं नसतंसच. बिडी तेवढी विझली होती.

ही पानं मी परत कॅलेंडरात अडकवून ठेवतो. गेलेले महिने कोणी उलटून पाहत नाही. खाली भाताचा वास सुटला आहे आणि सून सांडलेले तांदूळ झाडते आहे. फोन मी अजून डब्यात परत ठेवलेला नाही.